माजी सैनिक आणि धर्मगुरूंचं कांस्यपदक: आकृत्या चोख, डबी बदला

खानापूर-निपाणी पट्ट्यात माजी सैनिकांच्या सत्कारात शाल-श्रीफळासोबत द्यायला हे पदक चांगलं आहे. छातीवर लावायचं नव्हे, टेबलावर ठेवायचं. व्यास ७० मि.मी., कडेची जाडी ५ मि.मी.

दर्शनी बाजूला तीन माजी सैनिक आणि मध्ये पलटणीचे पंडितजी. धर्मगुरू लष्करात नायब सुभेदार म्हणून भरती होतात, पण इथं ते कसम परेडला, म्हणजे जवानांच्या शपथविधीला दिसतात तसे, हातात ग्रंथ घेऊन उभे आहेत. बोटांची पकडसुद्धा स्पष्ट उतरलीय. मराठा लाइट इन्फंट्री या रेजिमेंटचं सेंटर बेळगावात, तिथं हे लगेच ओळखलं जातं. मागच्या बाजूला रेजिमेंटचे व्हिक्टोरिया क्रॉस (ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक) मानकरी यशवंत घाडगे (१० जुलै १९४४) आणि नामदेव जाधव (९ एप्रिल १९४५). पराक्रमाच्या तारखा बरोबर. अशोकस्तंभ टाळलाय तेही बरं. २००५ च्या कायद्यामुळे तो खासगी वस्तूवर मनाला येईल तसा वापरता येत नाही.

रडकथा आहे ती अक्षरांची. शिरोरेखा इतकी बारीक की साच्यात धातू नीट भरत नाही, आणि बफिंगचा, म्हणजे घासून चमक आणण्याचा हात जरा जड पडला की अनुस्वार गायब: ‘इन्फंट्री’चं ‘इन्फट्री’ होतं. ऑर्डर देताना अक्षरं ठळक आणि खोलगट मागा. एक नमुना हातात आल्याशिवाय बाकीचे ओतू देऊ नका.

धातू खरा का? या मापाचं कांस्य १६०-१७० ग्रॅम भरतं. काटा १२५ च्या आसपास थांबला तर आत जस्ताचं मिश्रण, वर नुसता मुलामा. लोहचुंबक इथं कामाचं नाही, जस्तालाही ते चिकटत नाही. कडेला टाचणीच्या टोकाएवढी छिद्रं दिसली तर तो नग परत करा. ओतताना वायू अडकलेला असतो.

डबी मात्र टाकाऊ. आतली पीव्हीसी पिशवी आम्ल सोडते, त्यात आपल्याकडचा पावसाळा, म्हणजे हिरवे ठिपके आलेच. पदक काढून सुती कापडात गुंडाळा, ओल शोषणारी सिलिका जेलची पुडी ठेवा. चिंच-लिंबानं घासू नका, तपकिरी रंग गंधकाच्या द्रावणानं चढवलेला आहे, क्षणात उतरतो. नंतर टांगायची कडी डाग देऊन (सोल्डर करून) जोडली तरी उष्णतेनं तिथला रंग जातोच. कडी हवी तर ओतण्याआधीच सांगा.