चाळीतला कांदा कधी काढायचा: गटाने ठरवावं की ज्याचं त्याने?

उन्हाळ कांदा साठवणीच्या चाळीत पडला की आमच्या नाशिक भागात एकच विचार सुरू होतो: आत्ताच द्यायचा, की श्रावण-भाद्रपदापर्यंत दम धरायचा? हे शेतकरी गटात बसून ठरवावं की एकट्याने, असं अलीकडे बरेच जण विचारतात. मी दोन्ही करून पाहिलं आहे.

गटाचे फायदे खरे आहेत. माल एकत्र असला की व्यापारी बांधावर येतो, गाडीभाडं वाटलं जातं. सरकारसाठी कांदा घेणाऱ्या नाफेडची खरेदीही मुख्यतः शेतकरी कंपन्या आणि सहकारी संघांमार्फत होते. शिवाय लासलगावची आवक, पिंपळगावचा भाव, कर्नाटकातला खरीप माल कधी निघतोय, एवढ्या बातम्या एकट्याला राखता येत नाहीत. घाबरून पडत्या भावात माल काढणाराही गटामुळे सावरतो, हे मी पाहिलंय.

मला खटकलं ते बैठकीतलं पहिलं वाक्य. वयाने मोठा किंवा जास्त क्षेत्राचा कुणीतरी सुरुवातीलाच म्हणतो, "क्विंटलला अडीच हजाराच्या आत हलायचं नाही." मग बाकीचे चोवीसशे की सव्वीसशे एवढ्यातच घुटमळतात. ज्याच्या चाळीत खालच्या थराला पाणी सुटलंय तोही मान हलवतो, कारण आपला कांदा सडतोय हे चारचौघांत सांगणं जिवावर येतं. वरून सगळ्यांचा निर्णय दिसतो, पण अंदाज एकाचाच असतो. आणि तो बदलायचा तर पुढच्या बैठकीपर्यंत थांबा.

भावाचं म्हणाल तर तो गटालाही कळत नाही. 19 ऑगस्ट 2023 ला निर्यातीवर 40 टक्के शुल्क लागलं, 8 डिसेंबरला निर्यातच बंद झाली. कितीही माणसं बसवली असती तरी हे आधी सांगता आलं नसतं. स्वतःची चाळ मात्र ज्याची त्याला कळते. काढणीला पाऊस लागलेला, युरिया जास्त झालेला, मान नीट न वाळलेला कांदा फार टिकत नाही. चार-पाच महिन्यांत तिसरा हिस्सा घटीत आणि सडीत जाणं नवलाचं नाही. चाळीत हात घातल्यावर काजळी म्हणजे काळी बुरशी बोटांना लागली, कुबट वास आला, की पुढे भाव चढणार असला तरी तो कप्पा मोकळा केलेला बरा. शेजाऱ्याचा कांदा तेव्हा खणखणीत असेल, त्याने थांबावं. दोघांना एकच तारीख कशी लागू पडेल?

म्हणून मी बातमी गटाकडून घेतो आणि माल माझ्या मनाने काढतो. थोडा काढणीलाच, मजुरी आणि दुकानाची उधारी फिटेल इतका. बाकीचा चाळ बघून टप्प्याटप्प्याने, आणि खरिपाचा नवा लाल कांदा बाजारात यायच्या आत सगळा. एखाद्या वर्षी वरचा भाव हुकतो, पण सडका माल उकिरड्यावर टाकण्यापेक्षा मला ते परवडतं.

स्वतःची चाळ नसेल किंवा माल अर्ध्या ट्रॉलीचा असेल तर गटच सोयीचा, असं मला वाटतं. तेव्हा एवढं मात्र सुचवा: कुणी बोलायच्या आधी प्रत्येकाने भाव आणि आपल्या मालाची स्थिती चिठ्ठीवर लिहावी. आमच्या गटात चिठ्ठ्या उघडल्या तेव्हा आकडे चौदाशेपासून तीन हजारांपर्यंत निघाले. चौदाशेवाल्यांच्या चाळी उघडून बघितल्या आणि त्यांचा माल आधी लिलावाला नेला.