आर्ट जर्नलचं सामान: पैसे कागदावर घाला, डब्यावर नको

आर्ट जर्नल सुरू करायचं ठरलं की हात आधी रंगांकडे जातो. छत्तीस रंगांचा पत्र्याचा डबा येतो, वॉशी टेपची दहा रिळं येतात, आणि वही मात्र घरात पडलेलीच, ८० जीएसएमची (म्हणजे चौरस मीटरला ८० ग्रॅम वजनाच्या पातळ कागदाची), रेघांची. दुसऱ्या-तिसऱ्या पानावर पाणी पडलं की कागद भाजलेल्या पापडासारखा वाकडा होतो, निळा डाग मागच्या पानावर उमटतो, आणि हौस तिथेच बसते. दोष बहुतेकदा रंगाचा नसतो. म्हणून ही परख वहीपासून.

जर्नलच्या एकाच पानावर जलरंगाचा हात, पेनाची रेघ, चिकटवलेलं तिकीट आणि चार ओळींचा मजकूर असं सगळं येतं. कागदाला हे सगळं झेलावं लागतं. नुसत्या चित्रासाठी उत्तम असलेला खरबरीत कागद लिहायला घेतला की निब अडकते. लिहायला गुळगुळीत असलेला कागद रंग धरत नाही. मधला कागद शोधायचा.

प्रवासासाठी तयार वही घ्यायची तर हानेम्युलेचं वॉटरकलर बुक पहिल्या नंबरावर. कागद २०० जीएसएम, ३० पानं म्हणजे ६० बाजू. पोत बारीक, त्यामुळे ०.३५ मिलिमीटरची रेघही तुटत नाही, आणि दोन्ही बाजूंना रंग चालतो. एक-दोन ओले हात तो आरामात घेतो. तिसऱ्या हाताला कडा उचलतात, तेव्हा पान वाळेपर्यंत चारही कोपऱ्यांना बाइंडर क्लिप लावून ठेवायची. या वहीत कोलाज मात्र जपून. बांधणी घट्ट आहे. दर पानावर काहीबाही चिकटवलं तर दहा पानांत वही जबडा वासते. कोलाजच करायचं असेल तर अधूनमधून एक पान कापून जागा करावी लागते, आणि कापताना शिवणीकडे सेंटिमीटर-दीड सेंटिमीटरची पट्टी ठेवायची. पार शिवणीतून कापलं तर त्या पानाचं जोडपान दुसऱ्या बाजूने सुटतं.

हातकागदाच्या वह्या दिसायला सगळ्यात देखण्या. पुण्यात शिवाजीनगरला १९४० मध्ये सुरू झालेल्या हातकागद संस्थेमुळे आपल्याकडे हा कागद अनोळखी नाही. सुती चिंध्यांच्या लगद्याचा असल्याने तो दमदार असतो, घासला तरी लवकर तुसं निघत नाहीत. प्रश्न असतो तो खळीचा, म्हणजे कागदाला पाणी अडवायला दिलेल्या लेपाचा. बाजारातला पुष्कळसा हातकागद आमंत्रणपत्रिका आणि पिशव्यांसाठी केलेला असतो, चित्रासाठी नाही. परीक्षा दुकानातच होते. नमुन्याच्या तुकड्यावर पाण्याचा एक थेंब सोडायचा आणि तिरक्या उजेडात बघत राहायचं. थेंब मिनिटभर फुगीर, चमकत बसून राहिला तर कागद कामाचा. आठ-दहा सेकंदांत चमक गेली आणि कडेने ओल पसरायला लागली तर त्यावर शाई फुटणार, आणि रंग टिपकागदासारखा आत जाऊन वाळल्यावर मळकट दिसणार.

असा कागद सुटा मिळाला असेल तर घरी सुधारता येतो. एक लिटर गार पाण्यात २० ग्रॅम खाण्याचं जिलेटिन दहा मिनिटं भिजवायचं, मग मंद आचेवर नुसतं विरघळवायचं. उकळी येऊ द्यायची नाही, त्याने जिलेटिनचा जोर जातो. कोमट असतानाच रुंद ब्रशने दोन्ही बाजूंना लावायचं आणि कागद दोरीवर वाळवायचा. जिलेटिन चालत नसेल त्यांनी एक कप पाण्यात चमचाभर कॉर्नफ्लोअर शिजवून पातळ खळ लावावी. पोथ्यांचा घोटीव कागद याच विचाराने व्हायचा: खळ द्यायची, वाळवायचं आणि गुळगुळीत दगडाने घोटायचं, म्हणजे बोरू सरळ धावतो. स्टीलच्या चमच्याच्या पाठीने घोटलं तरी फरक कळतो. बांधलेल्या वहीवर यातलं काहीच करता येत नाही, म्हणून थेंबाची परीक्षा झाल्याशिवाय हातकागदाची शिवलेली वही विकत घेऊ नये.

खरा फायदा स्वतः शिवलेल्या वहीत. ३०० जीएसएमचा २२ बाय ३० इंची एक ताव घ्या. त्याचे ११ बाय साडेसात इंचाचे बरोबर आठ तुकडे पडतात. ते पट्टी धरून फाडावेत. कात्रीपेक्षा कड छान येते. प्रत्येक तुकडा मधोमध दुमडला की साडेपाच बाय साडेसातची १६ पानं, म्हणजे ३२ बाजू मिळतात. एका जुजात, म्हणजे एकात एक घालून शिवायच्या घड्यांच्या गठ्ठ्यात, दोनच तुकडे घ्यायचे. चार घेतले तर या जाडीला घडी फुगते आणि आतलं पान बाहेर डोकावतं. चार जुजं, प्रत्येकी पाच भोकं, मेण लावलेला जाड दोरा. कण्यावर सरस लावायच्या आधी जुजांच्या मधे पुठ्ठ्याच्या पातळ पट्ट्या शिवल्या तर पुढे कोलाजला जागा राहते. आर्श सारखा शंभर टक्के सुती कागद परवडत नसेल तर पंचवीस टक्के सुती कागदावर जर्नलचं काम अडत नाही. पूर्ण सुती कागदाचा फायदा लावलेला रंग ओल्या ब्रशने पुन्हा पुन्हा उचलून काढणाऱ्याला. तिकिटं चिकटवणाऱ्याला तो कळणारही नाही.

आता रंग. मराठी घरात रंग म्हणजे कॅमल. दांडेकरांनी १९३१ मध्ये शाईपासून सुरू केलेल्या या व्यवसायाच्या वड्यांवर पिढ्या चित्रकलेच्या परीक्षांना बसल्या. शाळकरी वड्यांत भरीव माल जास्त आणि रंगद्रव्य कमी, त्यामुळे त्या पारदर्शक हातापेक्षा सपाट, झाकणाऱ्या रंगाला बऱ्या. सणाच्या पानावर पताका, रांगोळी, आकाशकंदील रंगवायला त्याच घ्या. डोंगर आणि आभाळासाठी मात्र आर्टिस्ट दर्जाच्या सहा नळ्या आणि रिकामे हाफ पॅन (नळीतला रंग भरून वाळवायच्या छोट्या वाट्या) हा सौदा छत्तीस रंगांच्या डब्यापेक्षा कितीतरी चांगला.

नळी उचलली की नावाकडे नाही, बारीक अक्षरातल्या रंगद्रव्याच्या क्रमांकाकडे बघा. अल्ट्रामरीन म्हणजे पीबी २९, थॅलो ब्लू पीबी १५, बर्न्ट सिएना बहुधा पीबीआर ७, गुलाबीसाठी पीव्ही १९. त्यात एक लिंबू पिवळा आणि एक यलो ऑकर घातला की सहा झाले. पीआर ८३ लिहिलेला ॲलिझरिन क्रिमसन आणि चमचमता ऑपेरा पिंक उजेडात उडतात. वही मिटलेली राहते म्हणून ते काही वर्षं खपतात, पण पान फ्रेम करायचं मनात असेल तर नको. सह्याद्रीचा कातळ काळ्या रंगाने रंगवू नका, मेल्यासारखा दिसतो. अल्ट्रामरीन दोन भाग, बर्न्ट सिएना एक भाग. ओल्या कातळाला निळा वाढवायचा, उन्हातल्याला तपकिरी. कोकणातला जांभा बर्न्ट सिएनात गुलाबीची किंचित छटा घातली की उतरतो. श्रावणातलं हिरवं थॅलो आणि पिवळ्यातून येतं, पण ते प्लास्टिकसारखं भडक होतं. त्यात सिएनाचा एक टिपका हवाच.

पॅन भरताना घाई नडते. एका दमात काठोकाठ भरलं की वरून वाळतं, आत ओलं राहतं, मग तडा जातो आणि वडी सुटून डब्यात खुळखुळते. निम्मा भरा, सुईने ढवळून हवेचे बुडबुडे काढा, सावलीत दोन-तीन दिवस वाळवा, मग उरलेला. मध घातलेले रंग पुण्या-नागपूरच्या कोरड्या हवेत सुरेख, मुंबईत जूनपासून चिकट. डबा आडवा-उभा झाला की ओघळतात.

बाहेर रंगवायला पेंटेलच्या ॲक्वाशसारखा पाणी भरायचा ब्रश सोयीचा, पेला लागत नाही. मोठा टोकदार एकच पुरे. त्याची खोड एवढीच की पाणी सतत येत राहतं, त्यामुळे गडद रंग लावता लावता पातळ होतो. गडद हवं तिथे ब्रश फडक्याला टेकवून मगच पॅनला लावायचा. दांडा अर्धा भरून सॅकमध्ये टाकला की उन्हात किंवा विमानात आतली हवा फुगते आणि पाणी टोकातून बाहेर ढकललं जातं. एकतर काठोकाठ भरा, नाहीतर पार रिकामा न्या. विहिरीचं जड पाणी भरून ठेवलं तर टोकाशी क्षार बसतो, शेवाळही धरतं. जुन्या मोज्याची कापलेली वरची बाही मनगटावर चढवली की ब्रश पुसायचं फडकं वेगळं सांभाळावं लागत नाही.

पेन सकुराचा पिग्मा मायक्रॉन किंवा युनि पिन. दोन्हीची शाई रंगद्रव्याची, वाळली की पाण्याने हलत नाही. वाळली की, हे महत्त्वाचं. जिलेटिनची खळ चांगली असलेल्या कागदावर शाई वरच बसते, तिला पाच-दहा मिनिटं द्यावी लागतात. मायक्रॉनवरचा आकडा मिलिमीटर नव्हे: ०१ म्हणजे ०.२५, ०३ म्हणजे ०.३५, ०५ म्हणजे ०.४५. जर्नलला ०३ आणि ०५ बस. जेसो (रंगाखाली द्यायचा पांढरा अस्तराचा लेप) किंवा ॲक्रिलिकवर हे पेन चालवलं तर टोक घासून बोथट होतं आणि लेपाने बुजतं. तिथे पेंट मार्कर किंवा पांढरं जेल पेन वापरा. फाउंटन पेनात साधी ड्रॉइंग इंक कधीच नको, नळी कायमची बंद होते.

घरच्या कामात जेसो, ॲक्रिलिक, कोलाज येतं. जेसोचे पातळ दोन हात, मधे तासभर वाळवण. खडूपूड आणि फेव्हिकॉलचा घरगुती जेसो फळीवर ठीक, वहीत पान वळलं की भेगाळतो. चिकटवायला फेव्हिकॉल एमआर जुन्या एटीएम कार्डाने पातळ ओढायचं, कागद मधून कडेकडे दाबायचा, वर बटरपेपर आणि रात्रभर जाड पुस्तकांचं वजन. बाटलीतून नागमोडी सोडलेला गोंद वाळल्यावर नागमोडीच दिसतो. सेलोटेप पिवळी पडून सुटते आणि डाग मागे ठेवते.

एसटीचं मशीनमधलं तिकीट चिकटवायच्या आधी त्याची झेरॉक्स काढा. तो उष्णतेने छापणारा कागद असतो: इस्त्रीजवळ नेला तर काळा पडतो, नुसता ठेवला तरी अक्षरं पुसट होत जातात, आणि काही गोंदांनी ती आणखी लवकर जातात. रानफुलं वर्तमानपत्राच्या घडीत आठ-दहा दिवस दाबायची, पहिले तीन दिवस कागद रोज बदलून. कास पठारावरची मात्र फक्त रंगवायची, तिथे फुलं तोडायला बंदी आहे.

पावसाळ्यात ॲक्रिलिकची दोन पानं समोरासमोर आली की एकमेकांना धरतात आणि उघडताना रंग सोलून येतो. पूर्ण वाळलेल्या पानावर पांढरी मेणबत्ती हलकी फिरवून फडक्याने पुसली की ती चिकटत नाहीत. नाहीतर मधे बटरपेपर. कॉर्नफ्लोअरची खळ दिली असेल किंवा मैद्याच्या खळीने कोलाज केलं असेल तर ती वही कपाटाच्या तळाशी ठेवू नका. कसर आधी खळ खाते, मग कागद. अशी वही महिन्यातून एकदा काढून पानं फडफडवायची आणि दुपारभर पंख्याखाली उघडी ठेवायची, उन्हात नको.