स्वारगेटला कोणी "काका, माझ्या भावालाही हेच होतं" म्हणालं तर

पुण्यात सोरायसिसवाल्यांना (कातडीवर पापुद्रे धरणारा, खाजरा आजार) गाठायची एक ठरलेली पद्धत आहे, आमच्या मामांना तशीच गाठली म्हणून सविस्तर लिहितोय. स्वारगेटला बसची वाट बघत उभे होते, हाफ शर्ट, कोपरावरचे पांढरे पापुद्रे उघडे. चांगल्या कपड्यातला एक माणूस शेजारी येऊन म्हणाला, "काका, राग मानू नका, पण माझ्या भावालाही हेच होतं, आता शोधून एक डाग सापडायचा नाही." पैसे मागितले नाहीत, उलट "मला काही नको हो, बघवलं नाही म्हणून बोललो" म्हणत चिठ्ठीवर पत्ता लिहून दिला आणि वैद्यजी उद्या बाहेरगावी चाललेत म्हणून घाईही करून ठेवली. अशी माणसं दवाखान्यांच्या गेटबाहेरही उभी असतात, गुडघेदुखीवाल्यांना तर हमखास धरतात.

दुकान पेठेतल्या एका गल्लीत. वैद्यजींनी नाडी बघितली, कागदावर भस्मांची नावं खरडली, काउंटरवरच्या पोऱ्याने ती काढून लगेच खलात कुटायला घेतली. मामांनी भाव विचारला तर एक आकडा सांगितला, मामांना वाटलं तो सगळ्या औषधाचा, तो निघाला एका ग्रॅमचा. बिल झालं २८ हजार आणि हे कळलं सगळं एकत्र कुटून झाल्यावर. "आता मिसळलंय काका, तुमच्यासाठीच केलंय, हे दुसऱ्या कोणाला देऊ?" थोडे पैसे यूपीआयने कुठल्यातरी खाजगी नावावर, उरलेल्यांसाठी पोऱ्या मामांबरोबर एटीएमपर्यंत चालत आला. पावती नाही, आणि निघताना ती भस्मांची चिठ्ठीसुद्धा काढून घेतली.

वर दोन पथ्यं सांगितली. इंग्लिश गोळ्या एकदम बंद, आणि डॉक्टरला काही बोलायचं नाही. मामा स्किनवाल्या डॉक्टरांकडून मेथोट्रेक्सेट घ्यायचे (ती आठवड्यातून एकदाच घ्यायची गोळी असते, चुकून रोज घेतली तर जीवावर बेतते, हे ज्यांच्या घरी चालू आहे त्यांनी लक्षात ठेवा). ती बंद केली.

आणि खरी मेख इथेच आहे, पुडीने गुण आला! खाज गेली, कोपरं साफ झाली, भूक वाढली, मामी म्हणे किती वर्षांनी एवढे जेवतायत. तोंड गोल आणि गुबगुबीत दिसायला लागलं ते तब्येत सुधारली म्हणून आणि शुगर वाढली ती आंब्यांमुळे, असं घरात ठरलं. मग पुढच्या पुडीचा भाव वाढवला, मामा "पेन्शनमधे बसत नाही" म्हणून थांबले.

पुडी थांबली आणि आठवड्याभरात अंग पेटलं. आधी पाठ, मग पोट, मांड्या, मग चेहरा. मामा सावळे आहेत, आपल्या रंगावर ते फोटोत दाखवतात तसं लालभडक दिसत नाही, काळपट जांभळट दिसतं, पण हात लावला की तव्यासारखं गरम. सकाळी मामी चादर झटकायच्या तर सुपलीभर कोंडा. आणि मे महिन्यात, पंखा बंद करून, स्वेटर घालून मामा कुडकुडत होते, पाय सुजून चप्पल चढेना. वैद्यजींना फोन लावला तर शांतपणे म्हणतात, "विष बाहेर पडतंय, पडू द्या, फक्त पुडी परत सुरू करा." या एका वाक्याने किती लोकांचे दिवस वाया घालवले असतील देव जाणे.

हॉस्पिटलमधे डॉक्टरांनी शर्ट काढायला लावला आणि तिथल्या तिथे ॲडमिट केलं. याला एरिथ्रोडर्मा म्हणतात, अंगाची ९० टक्के किंवा जास्त कातडी लाल होऊन सोलायला लागणं. अंदाज घ्यायचा तर पेशंटचा स्वतःचा तळहात बोटांसकट म्हणजे साधारण १ टक्का. त्यांनी समजावलं की कातडीतल्या सगळ्या रक्तवाहिन्या उघडल्या की अंगातली उष्णता निघून जाते म्हणून थंडी वाजते, पाणी आणि प्रोटीन जातं म्हणून सूज येते, हार्टवर ताण येतो, आणि फाटलेल्या कातडीतून इन्फेक्शन रक्तात गेलं तर माणूस जाऊ शकतो. पहिला प्रश्न होता औषधं कुठली चालू होती, कारण फिटच्या किंवा गाऊटच्या काही गोळ्यांनीही हे होतं, एक्झिमातूनही होतं, क्वचित कातडीच्या कॅन्सरमुळेही, म्हणून बायोप्सी (कातडीचा छोटा तुकडा तपासणीला) घेतली. गोल झालेलं तोंड बघून त्यांना पुडीत स्टेरॉइड मिसळल्याचा संशय आला, सकाळी ८ वाजता रक्तातलं कॉर्टिसॉल (शरीर स्वतः बनवतं ते स्टेरॉइड) तपासलं, ते अगदी तळाला. बाहेरून स्टेरॉइड जात राहिलं की शरीर स्वतःचं बनवणं बंद करतं, आणि सोरायसिसमधे ते अचानक थांबलं की आजार दुप्पट जोराने उलटतो.

उपचार बघून आधी मलाच वाटलं एवढंच? एसी नाही, खोली उबदार, सलाईन मोजूनमापून, लघवीचं माप, दिवसातून कितीतरी वेळा अंगभर पॅराफिनचं मलम, त्यावर ओल्या पट्ट्या, अंडी-डाळ भरपूर, आणि शरीर स्वतःचं स्टेरॉइड बनवायला लागेपर्यंत त्याचा छोटा डोस डॉक्टरांच्या हिशोबाने. लिव्हर, किडनीचे रिपोर्ट आल्यावर मग सोरायसिसचं खरं औषध. नर्सबाई म्हणाल्या घरी कडुनिंबाच्या कढत पाण्याने आंघोळ घालून बरेच जण अजून सोलवटून येतात.

आयुर्वेदावर माझा राग नाही, मामींची संधिवाताची ट्रीटमेंट एका वैद्यांकडेच चालते, पण ते कागदावर औषध लिहून देतात, पावती देतात, आणि डबीवर लायसन्स नंबर, बॅच नंबर, घटक, तारीख सगळं छापलेलं असतं, कायद्याने ते लागतंच. आमच्या पुडीवर फक्त पेनाने "सकाळ-संध्याकाळ".

उरलेल्या पुड्या मामी कचऱ्यात टाकायला निघाल्या होत्या, मी अडवलं. त्यातली एक एफडीएच्या (अन्न व औषध प्रशासन) ऑफिसात तक्रारीबरोबर दिली, आत नक्की काय आहे ते लॅबने सांगायचंय. यूपीआयचे स्क्रीनशॉट पोलिसांना दिलेत. दुकानाचा बोर्ड आता उतरवलाय, शेजारचा रसवाला म्हणतो ते असंच करतात, थोड्या दिवसांनी दुसऱ्या नावाने दुसऱ्या गल्लीत. कोणाकडे अशी बिनलेबलची पुडी असेल तर ती एकदम बंद करू नका, पुडी घेऊन थेट स्किनच्या डॉक्टरकडे जा, पुण्यात सरकारी ससून हॉस्पिटललाही स्किनची ओपीडी आहे, आणि त्यांना खरं काय ते सांगा.