जेरुसलेमहून आणलेली तालीत, वर्षभराच्या वापरानंतर (मुख्यतः गोंड्यांबद्दल)

एका कोपऱ्याचा गोंडा पूर्ण सुटला म्हणून हे लिहितोय. तालीत, म्हणजे ज्यू लोकांची प्रार्थनेची शाल, कशी असते ते होली लँड टूर करून आलेल्या आपल्या सगळ्या ख्रिस्ती मंडळींना माहितीये, पांढरी, निळे पट्टे, गळ्याशी हिब्रू अक्षरांची पट्टी, तर त्यात वेळ घालवत नाही. जुन्या शहरात गाईड ज्या दुकानात घेऊन गेला तिथेच घेतली, घासाघीस करून अडीच हजाराच्या आसपास पडली.

आधी कापड. अ‍ॅक्रेलिक आहे, खांद्यावरून सारखी घसरते, मानेपाशी गुठळ्या धरल्यात आणि एप्रिल मे मध्ये अंगावर ठेववत नाही. पण रंग जरासुद्धा उतरलेला नाही, त्या किमतीत कापडाबद्दल माझी तक्रार नाही.

तक्रार गोंड्याची. शालीच्या दोन्ही टोकांना ज्या दशा आहेत ना, पदराला असतात तशा, त्या नुसती शोभा आहे, त्यांना धर्मात काही अर्थ नाही, आणि त्या मात्र मशीनने एकदम पक्क्या. ज्याच्यासाठी ही शाल शाल आहे ते चार कोपऱ्यांचे चार गोंडे, त्सित्सित, आणि ते असे ढिले बांधलेत की कधी धुतली नाही, फक्त घडी उलगडायची न घालायची, तरी एकाचे वेढे सैल होत होत गाठी सुटल्या आणि आता आठ दोरे नुसते लोंबतायत. दुकानाला मेल केला, फोटो मागितला, पाठवला, मग काही दिवस काहीच नाही, मग उत्तर आलं की नवीन शाल घ्या, डिस्काउंट देतो. अहो मला एका कोपऱ्याचे दोरे हवेत, नवीन शाल कशाला घेऊ? दोरे पाठवतो पण कुरियरचा खर्च तुमचा, आणि तो खर्च शालीच्या निम्मा. इथे माझं डोकं फिरलं.

म्हणून स्वतः बांधायचं ठरवलं आणि व्हिडिओ बघत बसलो. कोपऱ्यातल्या भोकातून चार दोरे ओवायचे, दुमडले की आठ टोकं होतात, त्यातला एक लांब असतो तो बाकीच्यांभोवती गुंडाळायचा, पाच दुहेरी गाठी आणि मधे 7, 8, 11, 13 असे वेढे. हा युरोपकडच्या ज्यूंचा प्रचलित हिशोब, दुसऱ्यांचे आकडे वेगळे. हिब्रूत प्रत्येक अक्षराला आकडा असतो, त्याप्रमाणे त्सित्सित या शब्दाच्या अक्षरांची किंमत धरतात 600, त्यात आठ दोरे आणि पाच गाठी मिळवल्या की 613, म्हणजे त्यांच्या शास्त्रातल्या आज्ञांचा आकडा. आठ दोऱ्यांत अख्खं नियमशास्त्र! हे कळल्यावर तो लोंबणारा कोपरा अजूनच टोचायला लागला.

ठाण्याला आमच्या ओळखीचे एक बेने इस्रायली, म्हणजे आपल्याकडचे मराठी ज्यू, अंकल आहेत, घरात मराठीच, सिनेगॉगला नियमित जाणारे, त्यांच्याकडे शाल घेऊन गेलो की अंकल जरा बांधून द्या. त्यांनी हात नाही लावला. प्रेमाने बसवलं, चहा दिला आणि म्हणाले, "बाळा, बांधायला वेळ लागत नाही, पण ही तुझ्याकडे यायलाच नको होती." मग समजावलं. दोरे कातताना सुद्धा ते याच कामासाठी आहेत हे मनात ठेवून कातावे लागतात, ज्यू नसलेल्याने बांधलेला गोंडा चालत नाही, आणि गोंड्यांसकट तालीत ज्यू नसलेल्याला विकायची नाही, गोंडे सोडवून मग द्यायची, हे तल्मूद या त्यांच्या धर्मग्रंथाच्या मेनाखोत भागात आहे. म्हणजे मी ज्या गोष्टीसाठी दुकानाशी भांडत होतो ती मुळात त्यांनी मला विकायचीच नव्हती. तिथून माझं मत बदललं. आता दुकानावर राग आहे तो कुरियरचा नाही, देवाच्या आज्ञेची वस्तू की-चेन आणि फ्रिज मॅग्नेटच्या शेजारी टांगून कुणालाही विकतात याचा आहे.

अंकलची स्वतःची लोकरीची आहे, लांबूनच दाखवली. सकाळच्या प्रार्थनेला घेतात, रात्री नाही, फक्त योम किप्पूरच्या, म्हणजे त्यांच्या प्रायश्चित्ताच्या दिवसाच्या, रात्री. कारण बायबलच्या गणना पुस्तकातल्या अध्याय 15 मधली आज्ञा गोंड्याकडे बघायची आहे, बघून आज्ञा आठवायच्या, आणि बघायला उजेड लागतो. आम्ही बुधवारच्या संध्याकाळच्या प्रार्थनेत घेत होतो! माणूस गेला की त्याला त्याच्या तालीतमध्ये गुंडाळून पुरतात, एक गोंडा कापून. मी निळ्या पट्ट्यांबद्दल विचारलं, तर आज्ञा पट्ट्यांची नाहीच, गोंड्यात एक निळा दोरा हवा अशी आहे. तो रंग समुद्री शंखातल्या प्राण्याचा, त्याची कृती हजारेक वर्षांहून जास्त काळ हरवली होती म्हणून सगळे पांढरेच दोरे लावत आले. 1980 च्या दशकात ऑटो एल्सनर नावाच्या इस्रायली केमिस्टला दिसलं की त्या शंखाच्या जांभळ्या रंगाचं द्रावण रंगवताना उन्हात ठेवलं की रंग निळा येतो, आणि आता काही लोक परत निळा दोरा लावतात, महाग पडतो.

आता आपल्याला, ख्रिस्ती माणसाला, याचं काय. माझ्यासाठी सगळं मोल बायबलमधल्या त्या बारा वर्षं रक्तस्राव होणाऱ्या बाईत आहे, जी येशूला शिवून बरी झाली. मत्तय आणि लूक दोघंही सांगतात की ती त्याच्या वस्त्राच्या गोंड्याला शिवली. लहानपणापासून ऐकतोय पण गोंडा म्हणजे झालरीचं टोक असंच डोक्यात होतं. तो आज्ञांची आठवण देणारा गोंडा होता हो! आणि त्याच आज्ञांप्रमाणे, लेवीय 15, ती बाई अशुद्ध, तिचा स्पर्श झाला की समोरचाही अशुद्ध. जो नियम तिला बारा वर्षं लोकांपासून लांब ठेवत होता त्या नियमाच्या खुणेलाच तिने गर्दीत हात घातला, आणि येशूने तिला झिडकारलं नाही, तिला "मुली" म्हणाला, आणि बरं झाल्याचं श्रेय तिच्या विश्वासाला दिलं, दोऱ्याला नाही. हे मी सुटलेला गोंडा हातात धरून वाचलं आणि बराच वेळ पुढे वाचता आलं नाही.

आणि आपला प्रभू गोंडे लावणारा, नियम पाळणारा ज्यू होता हे पहिल्यांदा नीट उतरलं. गोंडे लांब करून मिरवणाऱ्यांना त्याने मत्तय 23 मध्ये सुनावलं, पण गोंडा काढून टाका असं म्हणाला नाही.

दुकानाने शालीबरोबर जे माहितीपत्रक दिलं ते मात्र फेकून द्या. त्यात लिहिलंय की येशू हीच शाल घेत होता. तेव्हा वेगळी प्रार्थना-शाल नव्हतीच, रोज अंगावर घ्यायच्या चौकोनी वस्त्रालाच गोंडे असायचे, पुढे कपडे बदलले आणि प्रार्थनेपुरतं चौकोनी कापड उरलं. येशूचं "आपल्या खोलीत जाऊन प्रार्थना कर" म्हणजे डोक्यावरून शाल घे, प्रेषित पौल तंबू नाही तर तालीत बनवायचा, यालाही काही आधार नाही. आपल्याकडे काही सभांमध्ये ही शाल आजाऱ्याच्या अंगावर टाकतात ते मला अजिबात पटत नाही, त्या बाईची गोष्ट नीट वाचली तर कुणी करणार नाही.

घ्यावी का? अंगावर घेऊन प्रार्थना करायला नको. प्रेषितांची कृत्ये 15 मध्ये जेरुसलेमच्या सभेने विदेशी विश्वासणाऱ्यांवर नियमशास्त्राचं ओझं टाकलं नाही, आपल्यावर ही आज्ञा नाही, आणि ज्यांच्यावर आहे त्यांचं मन दुखतं. मी उरलेले तीन गोंडेही सोडवून ठेवलेत, शाल आता थंडीत पांघरायला वापरतो, त्या कामाला चांगली आहे.

संडे स्कूलमध्ये शिकवायला हवी असेल तर अडीच हजार घालवू नका, मांजरपाटाचा चौकोनी तुकडा घ्या, कोपऱ्यांना दोरे लावा, गणना 15 आणि लूक 8 एकापाठोपाठ वाचा, पोरांना लगेच समजतं. आणि खरी बघायची असेल तर एखाद्या बेने इस्रायली कुटुंबाला विनंती करा. आमचे अंकल मुलांना दाखवायला यायला तयार झालेत, फक्त शनिवार, त्यांचा शब्बाथ, नको म्हणालेत.