शुगर मोजायची, पण बोट टोचून की सेन्सर लावून?

"आईच्या दंडाला तो सेन्सर लावून टाकू का?" (म्हणजे कातडीला चिकटवून शुगर सतत मोजणारा आणि फोनवर दाखवणारा) असं कुणी विचारलं की मी आधी एवढंच विचारतो, आई इन्सुलिन घेतात का? निम्मा निर्णय तिथेच होतो.

नुसत्या गोळ्या चालू असतील तर सेन्सर सोडाच, रोज बोट टोचण्याचाही फारसा उपयोग दिसलेला नाही. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनातल्या 450 रुग्णांवर झालेला अभ्यास 2017 मध्ये आला. सगळे टाइप 2 मधुमेहाचे, इन्सुलिन न घेणारे. काहींनी घरी शुगर तपासलीच नाही, काहींनी रोज एकदा तपासली, काहींना आकड्यासोबत सल्ल्याचा मेसेजही जात होता. वर्षअखेरीस तिन्ही गटांच्या तीन महिन्यांच्या सरासरीत, म्हणजे एचबीएवनसीत, दखल घेण्याजोगा फरक नव्हता. कारण उघड आहे: सकाळी 162 आली म्हणून गोळी कुणी बदलत नाही. तरी ग्लुकोमीटर घरात हवाच. ताप आला, औषध बदललं, गरगरलं, दरदरून घाम फुटला, तर तेव्हा तोच कामाला येतो. ग्लिमेपिराइडसारखी गोळी असेल तर शुगर नको तितकी उतरूही शकते.

इन्सुलिन असेल तर पारडं सेन्सरकडे झुकतं. दिवसातून एक-दोनदा, लांब पल्ल्याचं म्हणजे बराच वेळ काम करणारं इन्सुलिन घेणाऱ्या, पण जेवणाआधी न टोचणाऱ्या 175 जणांवरचा 'मोबाइल' नावाचा अभ्यास 2021 चा. आठ महिन्यांत सेन्सर लावलेल्यांची एचबीएवनसी 9.1 वरून 8.0 झाली आणि मीटरवाल्यांची 9.0 वरून 8.4. फरक आहे, पण मीटरवाल्यांचीही उतरलीच की! जेवणाआधीही इन्सुलिन टोचणाऱ्यांवरच्या 2017 च्या 'रिप्लेस' अभ्यासात तर एचबीएवनसीत फरक पडला नाही, मात्र शुगर घसरलेल्या अवस्थेत जाणारा वेळ बराच कमी झाला. आई एकट्या राहत असतील, रात्री शुगर उतरत असेल, तर माझ्या मते एचबीएवनसीपेक्षा हेच मोठं.

आमच्या आत्याला डॉक्टरांनी 14 दिवसांचा सेन्सर लावला होता. तिसऱ्या रात्री दोन वाजता फोन कोकलायला लागला: 58. घर जागं झालं, काका साखरेचा डबा शोधायला धावले. मीटरवर तपासलं तर 121! आत्या त्याच दंडावर झोपली होती. दाब पडला की सेन्सर खोटं कमी दाखवतो. शिवाय तो रक्तातली नाही, कातडीखालच्या द्रवातली साखर मोजतो, त्यामुळे काही मिनिटं मागे असतो. म्हणजे सेन्सर घेतला म्हणून मीटर माळ्यावर टाकता येत नाही. (मीटरही काही देव नाही, मानकानुसार वरच्या आकड्यांत 15 टक्के इकडेतिकडे चालतं, म्हणजे खरी 200 असेल तर 170 किंवा 230.) पण त्याच पंधरवड्यात आत्याला कळलं की तिची शुगर भाकरीने नाही, चारच्या चहाबरोबरच्या खारीने चढते. मीटरने हे कधी दिसलं नसतं, कारण चार वाजता कोण बोट टोचतंय!

म्हणून गोळ्यांवरच्यांसाठी मधला रस्ता: डॉक्टरांना विचारून एकदाच एक सेन्सर लावा, काय खाल्लं ते लिहा आणि थांबा. कायम लावायचा तर महिन्याला दोन लागतात. एकाच्या पैशांत कित्येक महिन्यांच्या स्ट्रिपा येतात.

शुगरचे आकडे घेऊन सल्ला देणाऱ्या वर्गणीवाल्या ॲपांबद्दल मी जरा कडवट आहे. पीटरसन हेल्थ टेक्नॉलॉजी इन्स्टिट्यूटने मार्च 2024 मध्ये अमेरिकेतली मधुमेहाची डिजिटल साधनं तपासली. निष्कर्ष असा की बहुतेकांचा फायदा किरकोळ आणि खर्च जास्त. बीपीचंही ऐका. ब्रिटनमधल्या 2018 च्या अभ्यासात घरचे आकडे कागदावर लिहून डॉक्टरांना पाठवणाऱ्यांचं वरचं बीपी वर्षाने 137 होतं, फोनवरून पाठवणाऱ्यांचं 136, आणि घरच्या आकड्यांवर ज्यांची औषधं ठरत नव्हती त्यांचं 140. आकडे डॉक्टरांपर्यंत पोचून गोळी बदलली, म्हणून फायदा झाला. वहीनेही ते होतं.

न टोचता शुगर सांगणारं घड्याळ किंवा अंगठी घेऊच नका. असं एकही उपकरण मंजूर केलेलं नाही, असं औषधं-उपकरणांना मंजुरी देणाऱ्या अमेरिकेच्या एफडीए या सरकारी संस्थेने फेब्रुवारी 2024 मध्ये बजावलं होतं.

आणि सेन्सर घ्यायचंच ठरलं, तर त्याचं ॲप आईंच्या फोनवर चालतं का ते दुकानातच बघा. फोडलेलं खोकं कुणी परत घेत नाही.