श्रवणयंत्राऐवजी इअरबड: गावात कितपत चालतात?

हजार-दीड हजाराच्या इअरबडच्या डब्यावर ‘ईएनसी’ लिहिलेलं दाखवून दुकानदार सांगतो, “आबाजीले मस्त ऐकू येईन.” ईएनसी असतं ते फोनवर आपलं बोलणं पलीकडच्याला स्वच्छ जावं म्हणून. आबाजींच्या ऐकण्याशी त्याचा काही संबंध नाही.

अँड्रॉइडवर गुगलचं ‘साऊंड अँप्लिफायर’ अॅप फुकट मिळतं. फोनचा माइक आवाज घेतो, वाढवतो आणि कानात सोडतो. डाव्या-उजव्या कानाला वेगवेगळं लावता येतं. पण ब्लूटूथमधून जाताना आवाज मागे पडतो. ओठ आधी हलतात, शब्द नंतर येतो, आणि ज्याला थोडंफार ऐकू येतं त्याला तोच शब्द दोनदा ऐकू येतो. थोड्याच वेळात डोकं भणभणतं आणि बड परत डब्यात जातात. इथं तीन-चारशेचा वायरवाला इअरफोन सरस, कारण हा उशीर बराच कमी होतो. फोन मात्र खिशात ठेवायचा नाही, नुसती कापडाची खरखर ऐकू येते. बोलणाऱ्यासमोर किंवा टीव्हीजवळ ठेवा.

खरोखर श्रवणयंत्रासारखं काम करतात ते अॅपलचे एअरपॉड्स प्रो 2. अमेरिकेत औषधं आणि वैद्यकीय उपकरणांना परवानगी देणाऱ्या एफडीएने सप्टेंबर 2024 मध्ये त्यांच्या श्रवणयंत्र सुविधेला मान्यता दिली. आवाजावरची प्रक्रिया बडमध्येच होते, म्हणून तो मागे पडत नाही. 2024 मध्ये किंमत पंचवीस हजारांच्या घरात होती, आणि लावायला आयफोन किंवा आयपॅड हवाच, आयओएस 18.1 किंवा पुढचं. दिवाळीला पोरगं आयफोन घेऊन आलं की तेव्हाच उरकून घ्या. पुढे आवाज बडच्या दांडीवर बोट वर-खाली फिरवून कमी-जास्त होतो. पैसे मोजण्याआधी त्याच फोनवर श्रवणयंत्राचा हा पर्याय दिसतो का, ते पाहा.

लावताना आधी बड घालून आयफोनवरच ऐकण्याची चाचणी द्यावी लागते, पाचेक मिनिटांची. पंखा बंद, मोटर बंद, दार लावलेलं. रबरी टोपी सैल बसली तर निकाल चुकतो, म्हणून चारही मापं लावून बघा. 18 वर्षांवरच्या, सौम्य ते मध्यम बहिरेपणासाठीच ही सुविधा आहे. कानाशी ओरडावं लागत असेल तर पंचवीस हजार वाया.

चार्जिंग सहाएक तास पुरतं, म्हणजे दुपारी एकदा डब्यात ठेवावेच लागतात. श्रवणयंत्राचा 312 नंबरचा छोटा सेल आठवडाभर जातो, लाईन असो वा नसो. दुसरं, ऊन. अॅपल वापरासाठी 35 अंशांपर्यंतच शिफारस करते, ठेवण्यासाठी 45. मे महिन्यात टिनाखाली किंवा गाडीच्या डिकीत राहिलेला डबा बॅटरी खातो. डोक्याला दुपट्टा बांधताना-सोडताना बड हमखास निघतो, आणि पऱ्हाटीत पडला की शोधत बसा. एका बाजूचा आवाज बसला तर आधी जाळीतला मळ कोरड्या मऊ ब्रशने काढा. टाचणी घालू नका, जाळी फाटते.

आणखी एक कटकट म्हणजे कानात बड दिसले की लोकांना वाटतं म्हातारा गाणी ऐकतोय, अन् बोलणंच टाकतात.

कीर्तनाला, टीव्हीला, फोनवर बोलायला उत्तम. दिवसभर वावरात, बाजारात, ग्रामसभेत नाही. तिथं श्रवणयंत्रच.

त्याआधी कान दाखवा. कधी कधी नुसता मळ निघाला की काम होतं. जिल्हा रुग्णालयात, सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात किंवा यवतमाळ-नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात कान-नाक-घसा विभाग आहे. ऑडिओग्रामचा, म्हणजे कोणत्या कानाला किती ऐकू येतं त्या तपासणीचा, कागद जपून ठेवा, श्रवणयंत्र लावतानाही तोच लागतो. कान वाहत असेल तर बड घालूच नका. एकाच कानाचं ऐकू येणं अचानक गेलं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. वय 65 च्या पुढे आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न दोन लाखांच्या आत असेल तर मुख्यमंत्री वयोश्री योजनेत 3,000 रुपये एकदाच खात्यात येतात आणि त्यातून श्रवणयंत्र घेता येतं. बँक खातं आधारला जोडलेलं असू द्या.