सेल्टिक मोहीम: बिब्राक्त की आयर्लंडची वाडी?

कमी जादूच्या रोलप्लेइंग मोहिमेत (खेळाडू पात्रं होऊन अनेक सत्रांत रंगवतात ती गोष्ट) नायक साधी माणसं असतील, तर आधी त्यांचं गाव ठरवावं.

गॉलमधलं (आजच्या फ्रान्समधलं) बिब्राक्त ही एदुई या सेल्टिक जमातीची डोंगरावरची राजधानी. इ.स.पू. 52 मध्ये रोमविरुद्ध लढणाऱ्या व्हर्सिंजेटोरिक्सच्या नेतृत्वावर इथेच शिक्कामोर्तब झालं. वेशीजवळ धातुकाम आणि मीनाकारीची दुकानं, इटलीहून आलेले वाइनचे रांजण. धंदा, उधारी, शेजार सगळं आयतं मिळतं, वर रोमचं सावट.

सातव्या-आठव्या शतकातल्या आयर्लंडमध्ये शहरं नव्हती. मातीच्या गोल तटाआड एकेका कुटुंबाची वाडी. पण तिथला कायदा म्हणजे कथानकांची खाणच! प्रत्येकाच्या प्रतिष्ठेची किंमत ठरलेली, तीही बऱ्याचदा गाईंमध्ये. बड्या माणसाने देणं थकवलं, तर धनको त्याच्या दारात उपाशी बसे, आपल्याकडच्या धरण्यासारखा. तोडगा न काढता मालक जेवला, तर देणं दुप्पट. दारात लोहार, आत वाढलेलं ताट, मध्ये साक्षीदार शेजारी: एवढ्यावर अख्खं सत्र रंगतं, तलवार उपसावी लागत नाही.

कारागीर आणि बाजारच हवा असेल, तर बिब्राक्त घ्या. माझं मत आयर्लंडला. जादू फक्त साविन या सेल्टिक सणाच्या रात्रीपुरती ठेवा, तीही अफवेइतकीच.